पहिला भाग बरा होता!

कोणत्याही सिनेमाचा दुसरा भाग पाहून बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. ‘पहिला बरा होता!’ हे म्हणायला सिनेमातलं फार काही कळावं लागत नाही, शिवाय पहिलाही पाहिलाय हे चार लोकांना सांगता येतं. पण जयपूरच्या मानसरोवर कॉलनीतल्या एका मराठी घरात २०१५ च्या जून महिन्यात याच वाक्यावरून तीन दिवस धुसफूस चालली होती.

सिनेमा होता रेमो डिसूझाचा ‘एबीसीडी २’. १९ जूनला लागला. घरातली सोळा वर्षांची लेक आठवडाभर मागे लागली होती, सगळ्यांनी मिळून बघायचा म्हणून. या आग्रहामागे कारण होतं. ती नऊ वर्षं जयपूर घराण्याचं कथक शिकत होती. बाबांना त्याचा अभिमान होता, पाहुणे आले की तोडे करून दाखवायचा हुकूम सुटायचा. पण वर्षभरापासून ती कॉलनीच्या बागेत हिपहॉप करणाऱ्या मुलांच्या ग्रुपमध्येही नाचत होती. ग्रुपमध्ये मुलगी ती एकटीच. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. ‘रस्त्यावरचा नाच आपल्याला नको,’ एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. त्यांच्या घरात पेपर उघडला की विषय संपतो!

तेव्हा लेकीचा बेत असा, की जे आपल्याला पटवता येत नाही ते प्रभुदेवाने पटवावं.

जयपूरची मेट्रो तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची होती. ३ जूनला मानसरोवर ते चांदपोल सुरू झालेली. त्यामुळे सिनेमापेक्षा मेट्रोचंच अप्रूप जास्त. वसईहून आलेल्या आजी गाडीत बसून इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “अगंबाई, बसायला जागा मिळते? मग ही कसली लोकल!” शेजारच्या भाभीजीही बरोबर होत्या. सिंधी कॅम्पला उतरून पुढे ऑटो केली.

थिएटरात आजींनी आपल्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवला. गणरायाच्या गाण्याला त्यांनी पडद्याकडे बघून हात जोडले. शेवटी ‘वंदे मातरम्’वर नाच सुरू झाला तेव्हा सारं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि त्यात बाबांच्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या. लेकीने हे अंधारातही टिपलं.

मतप्रदर्शन झालं मिर्झा इस्माईल रोडवर, कुल्हडमधली लस्सी पिताना. जवळच राजमंदिर. त्याचा आराखडा नामजोशी नावाच्या आपल्या माणसाचा आणि १ जून १९७६ ला ‘चरस’ने त्याचा पडदा उघडला, हे बाबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे ऐकलं. मग म्हणाले, “छान होता सिनेमा. जिद्द दाखवलीय पोरांची. मला तर आवडला बुवा.”

आईला गाणी आवडली, गोष्ट पातळ वाटली. “आणि काय हो, या मुलांचे आईबाप फारसे कुठे दिसतच नाहीत! रात्री उशीर झाला तर यांच्यासाठी जेवायचं कोण थांबतं?” आईच्या दृष्टीने हा पटकथेतला मोठाच दोष होता. आणि खरं म्हणजे तो आहेच.

लेक मात्र गप्प. विचारल्यावर एकदम उसळून म्हणाली, “पहिला बरा होता!”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. २०१३ च्या पहिल्या भागात प्रभुदेवाच्या भोवती सलमान युसुफ खान, धर्मेश येलांडे, पुनीत पाठक ही टीव्हीवरच्या ‘डान्स इंडिया डान्स’मधून आलेली मुलं होती. नट म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं, नाचणारे म्हणून ओळखत होतं. दुसऱ्या भागात पैसा आला, परदेश आला, वरुण धवन आणि श्रद्धा कपूर आले. दोघांनी मेहनत घेतलीय हे दिसतं, पण खरे नाचणारे मागच्या ओळीत गेले. प्रेक्षकांची तक्रार नव्हती. सिनेमाने शंभर कोटींच्या पुढे धंदा केला. जगभर हेच चालतं. अमेरिकेत ‘स्टेप अप’चे २००६ ते २०१४ मध्ये पाच भाग निघाले. त्यातला कितवा कोणता, हे त्याच्या चाहत्यांनाही झटकन सांगता यायचं नाही.

“धर्मेश मागे, राघव मागे!” लेक म्हणत होती. “आणि बाबा, तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्यात? ती मुलंही रस्त्यावरचंच नाचतात.”

“सिनेमात ठीक आहे,” बाबा म्हणाले.

झालं. लस्सी तशीच राहिली.

भाभीजींना मराठी पूर्ण समजत नसे, पण ‘रस्त्यावरचा नाच’ बरोबर समजला. त्यांनी लगेच गुलाबो सपेराचं नाव काढलं. कालबेलियांची ही मुलगी, जन्मताच जिला पुरलं होतं आणि मावशीने उकरून काढलं. सापांपुढे नाचता नाचता ती पुष्करच्या मेळ्यात लोकांच्या नजरेत भरली आणि १९८५ साली भारत महोत्सवासाठी थेट वॉशिंग्टनला जाऊन नाचली. तिच्या नाचायला कुठलं आलंय स्टेज? “वो भी तो सड़क का ही नाच था, भाईसाहब,” भाभीजी म्हणाल्या. (पुढच्याच वर्षी, २०१६ साली, गुलाबोंना पद्मश्री मिळाली, तेव्हा भाभीजी पेढे घेऊन आल्या होत्या, जणू पुरस्कार त्यांनाच मिळालाय!)

घरी आल्यावर तीन दिवस बापलेकीचं बोलणं मिठापुरतं. चौथ्या दिवशी रात्री जेवताना आजींनी आपणहून विषय काढला.

सिनेमाची गोष्ट ज्यांच्यावरून घेतलीय ते सुरेश मुकुंद आणि व्हर्नन माँटेरो वसई-नालासोपाऱ्याकडचे. आजींना हे नातीनेच सांगितलं होतं. सिनेमातल्या ग्रुपवर परदेशी ग्रुपचा नाच उचलल्याचा ठपका येतो आणि मग ती मुलं लास व्हेगसच्या जागतिक स्पर्धेला जायची ईर्ष्या धरतात. खऱ्या मुलांनीही २०१२ साली तिथे अंतिम फेरी गाठली. जिंकली नाहीत.

“आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरही यायची मुलं नाचायला,” आजी म्हणाल्या. “ही नव्हेत हं, दुसरीच. रात्री नऊ-साडेनऊला यायची. कोणी कुरिअरवाला, कोणी गॅरेजात. वरून धपाधप आवाज यायचा. सोसायटीत तक्रार झाली आणि गच्चीला टाळं लागलं.”

“मग?” नातीने विचारलं.

“मग काय... ती मैदानात जायला लागली. पावसातसुद्धा. एकाचा गुडघा गेला तिथे घसरून. नंतर दिसला नाही.” आजींनी ताटातला भात गोळा केला. “तक्रार मी केली होती. किल्लीही माझ्याकडेच असायची.”

कोणी काही बोललं नाही. बाबांनी पेपर उघडला नाही, एवढं मात्र खरं.

रविवारी संध्याकाळी बाबा बागेत गेले. बोलावलं कोणीच नव्हतं. सहा मुलं आणि त्यांची लेक, एक छोटा स्पीकर, खाली साधी फरशी. मुलांनी त्यांना ‘अंकलजी, नमस्ते’ केलं आणि जरा बिचकूनच नाच सुरू केला. लेकीने मध्येच कथकच्या चकरा घेतल्या. जयपूर घराणं चकरांसाठी आणि पायांच्या तयारीसाठी नावाजलेलं. दहा-बारा चकरा एका जागी घेऊन तिने शेवटची सम हिपहॉपच्या ठेक्यावर आणून सोडली तेव्हा मुलं ओरडली. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते फरशीकडे बघत होते.

“ही फरशी फार कडक आहे,” घरी येताना ते म्हणाले. “पडलीस म्हणजे?”

“पडतेच की!” तिने कोपर दाखवलं.

ते सीतापुऱ्यातल्या एका कारखान्यात होते. पुढच्या रविवारी स्कूटरवर पॅकिंगच्या जाड फोमचे चार तुकडे दोरीने बांधून आणले. रीतसर पैसे भरून, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. परवानगी दिली असं ते कधी म्हणाले नाहीत. साडेआठला घरी यायचं, एवढी एक अट तेवढी घातली आणि ती पाळली जाते की नाही ते बघायला बरेच दिवस बागेच्या फाटकाशी उभे राहिले.

त्याच ऑगस्टमध्ये सुरेश मुकुंदच्या ग्रुपने, म्हणजे ‘किंग्ज युनायटेड’ने, सॅन दिएगोच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत ब्राँझ पदक मिळवलं. आजींनी वसईहून फोन करून बातमी सांगितली. नातीला ती आधीच ठाऊक होती, पण तिने ‘हो का?’ म्हणून ऐकून घेतली. २०१९ मध्ये हाच ग्रुप ‘द किंग्ज’ या नावाने अमेरिकेतल्या ‘वर्ल्ड ऑफ डान्स’मध्ये पहिला आला, दहा लाख डॉलरचं बक्षीस घेऊन. तेव्हा आजी नव्हत्या. बाबांनी ते कात्रण आजींच्या पोथीत ठेवलं. का, ते कोणी विचारलं नाही.

२४ जानेवारी २०२० ला ‘स्ट्रीट डान्सर थ्रीडी’ आला. नाव वेगळं, पण दिग्दर्शक तोच, वरुण-श्रद्धा तेच, प्रभुदेवाही तोच. गोष्ट या वेळी लंडनमध्ये. लेक आता एकवीस वर्षांची. सकाळी कथकचा रियाज, संध्याकाळी कॉलनीतल्या लहान मुलींचा हिपहॉपचा वर्ग. तो सगळा वर्गच तिने सिनेमाला नेला. अकरा मुली होत्या. मोजायला आणि सांभाळायला आईबाबा बरोबर.

सिनेमा सुटल्यावर बाहेर कलकलाट. एकीला नोरा फतेही आवडली होती, एकीला काहीच कळलं नव्हतं, एकीचा थ्रीडी चष्मा सापडत नव्हता. आई खुर्च्यांखाली वाकून चष्मा शोधत होती.

“कसा वाटला, बाबा?” लेकीने विचारलं.

बाबांनी थोडा विचार केला. “दुसरा बरा होता,” ते म्हणाले आणि चष्मा शोधायला आत गेले.