अपुऱ्या श्वासाचे गाणे

गवयालाच वैद्याने ‘गाऊ नका’ असे बजाविले, तर त्याने काय करावे? कुमार गंधर्वांवर हा प्रसंग ऐन पंचविशीच्या आत आला. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला हा कानडी मुलगा मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला, बालपणीच नावाजला, आणि मग क्षयाने त्यास गाठले. १९४८ साली कोरड्या हवेसाठी ते माळव्यातील देवास येथे गेले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे होते. त्याने पुढे गुण आला, परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले ते झालेच. मधली काही वर्षे अंथरुणावर पडून त्यांनी ऐकले फक्त. दारावरून जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी, भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने. त्यांतूनच पुढे नवे राग निघाले, कबीर निघाला.

जब्बार पटेल यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘हंस अकेला’ या माहितीपटाचा विषय हे जीवन आहे. आमच्या ब्राह्मणपाऱ्यातील घरी तो मी सासूबाईंसह पाहिला. अपुऱ्या श्वासामुळेच कुमारांची गायकी लहान, तुटक, झळाळत्या स्वरावलींची झाली, असे पुष्कळ जाणकार मानतात. मला ते अर्धेच पटते. श्वास अपुरा असलेले लोक पुष्कळ; कुमार एकच.

सासूबाईंना मात्र ते पुरते पटले. रायपुरात त्यांनी कितीतरी वर्षे भजनी मंडळ चालविले. चार वर्षांपूर्वी त्यांनाही हाच रोग झाला. आता औषधे सहा महिन्यांत काम करतात. तपासणी निर्दोष आली. तरी ओळीच्या मध्येच दम तुटतो म्हणून त्यांनी टाळ खुंटीला लावले ते लावलेच. आम्हीही आग्रह केला नाही. आजारी माणसास गप्प ठेवणे घरच्यांना सोयीचेच असते.

पाहून झाल्यावर गाण्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. कुमारांच्या आजारात पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून संसार सांभाळला होता. त्यांच्याविषयी सासूबाईंनी विचारले, “सूनबाई, त्या शाळेतून किती वाजता परतत असतील ग?” मला सांगता आले नाही. गायकांच्या चरित्रांत अशा प्रश्नांना फारशी जागा नसते, आणि ती असावयास हवी.

कुमारांचा कबीर आम्हांस परका वाटण्याचे कारणच नव्हते. कबीरपंथीयांची मोठी गादी असलेले दामाखेडा रायपूरहून फार दूर नाही. ती भजने या मुलखाच्या कानात आहेतच. हल्ली संध्याकाळी सासूबाई तुळशीपाशी बसतात. अर्धी ओळ त्या म्हणतात आणि थांबतात. उरलेली अर्धी नातू छत्तीसगढी हेल काढून ओढीत नेतो. उच्चार चुकला की त्या त्यास दटावतात, आणि तेवढ्यात त्यांचा श्वास भरून येतो.