भिंग बदलण्याआधी

पिकाचे पान पिवळे पडले की आपण आधी दुकान गाठतो. पण पान पिवळे पडायला कारणे अनेक. पाणी साचले असेल, नत्र कमी पडले असेल, नाहीतर हुमणीने मूळ खाल्ले असेल. कारण न पाहता फवारले, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला! भिंतीवर पडणाऱ्या चित्राचेही असेच असते बरे का.

दुसरबीडला निंदणीला जाणाऱ्या पंधरा-वीस बायांना मला डोमकळी दाखवायची होती. गुलाबी बोंडअळी कपाशीच्या कळीत शिरली की फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून राहतात. तीच डोमकळी. ती वेळीच खुडून नष्ट केली, तर अळीची पुढची पिढी कमी होते. २०१७ साली विदर्भात या अळीने काय केले, ते तुम्हांला सांगायला नको. पण एवढ्या जणींनी एका मोबाइलात पाहावे तरी कसे?

एका शेतकऱ्याच्या नववीतल्या मुलीने बुटांच्या खोक्याला भिंग बसवले, आत मोबाइल उभा केला आणि चित्र भिंतीवर पाडले. पण ते उलटे, अंधुक आणि पुसट. वडील म्हणाले, "साहेब, भिंगच खराब दिसते. दुसरे आणतो." पोरगी हिरमुसली. मी म्हटले, "थांबा भाऊ, आधी एकेक खोड तपासू."

पहिली खोड पुसटपणाची. भिंगाला स्वतःचे एक अंतर असते. खोलीत भिंतीजवळ भिंग धरा आणि समोरच्या दारातून दिसणाऱ्या लांबच्या झाडाचे चित्र भिंतीवर स्पष्ट पाडा. मग भिंगापासून भिंतीपर्यंत मोजा. आमचे १५ सेंटिमीटर भरले. मोबाइल भिंगापासून याहून थोडा जास्त दूर हवा. भिंत दीड मीटरवर असेल तर सुमारे पावणेसतरा सेंटिमीटर. मुलीने तो दहावर ठेवला होता!

दुसरी खोड अंधुकपणाची. दीड मीटरवर चित्र नऊपट रुंद होते. भिंत तीन मीटरवर नेली की ते एकोणीसपट होते, आणि तोच उजेड चौपटीहून जास्त जागेवर पसरतो. म्हणून खोके जवळ घ्या, खोलीत अंधार करा, मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवा आणि खोक्याला आतून काळा कागद लावा.

चित्राची एकच बाजू पुसट असेल, तर मोबाइल किंवा भिंग तिरपे बसले आहे. चारही कडा पुसट असतील, तर तो साध्या भिंगाचा स्वभाव. भिंगापुढे मधोमध भोक पाडलेला काळा पुठ्ठा लावा. कडा सुधारतात, उजेड मात्र थोडा कमी होतो.

राहिले उलटे चित्र. मोबाइल डोक्यावर उभा केला की चित्र सुलटे होते, पण अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' हा हाताने रंगवलेल्या काचचित्रांचा खेळ दाखवला. काच पारदर्शक, म्हणून ती उलटी करून पाठमोरीही घालता येते. मोबाइलची पाठ आंधळी! मग आम्ही भिंतीऐवजी पातळ पांढरे धोतर ताणून बांधले आणि बायांना पलीकडच्या बाजूला बसवले. अक्षरे सरळ झाली.

डोमकळी हातभर मोठी दिसली तशी एक आजी म्हणाली, "अव माय, हे तं आपल्या वावरात हायेच की! मी समजत होती, फूल उमलाचं राह्यलं."

दुसऱ्या दिवशी त्या बायांनी निंदता निंदता डोमकळ्या खुडून पिशवीत भरल्या. भिंग जुनेच होते, पैसाही खर्च झाला नव्हता.

एक सावधगिरी मात्र पाळा. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका, आणि भिंग उन्हात कडब्याजवळ किंवा कापसाजवळ ठेवू नका. आग लागते.

तुमच्या घरी मुलांनी असे खोके केले आणि ते बिघडले, तर त्यांना रागावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि काय फरक पडला ते वहीत लिहायला लावा. उद्या तीच मुले पिवळ्या पानाचे कारणही मुळाशी जाऊन शोधतील.