चैतातलं गाणं

नव्वदच्या दशकात मी कुमाऊं रेजिमेंटच्या एका पलटणीबरोबर लडाखमध्ये होतो. मी मेडिकल कोरचा नर्सिंग असिस्टंट. पोस्टवर मराठी माणूस मी एकटाच. जवान मला ‘डाक्टर साब’ म्हणायचे, आणि डोकेदुखीच्या गोळीपासून घरच्या भांडणापर्यंत सगळं माझ्याकडे यायचं.

त्या पलटणीत चैत महिन्याची दोन गाणी होती. पहिलं ‘बेडू पाको’. ब्रिजेन्द्र लाल शाह यांनी लिहिलेलं, मोहन उप्रेती यांनी चाल लावलेलं. बेडू म्हणजे डोंगरातलं रानअंजीर. ते बारा महिने पिकतं, पण काफळ मात्र चैतातच, असा त्याचा अर्थ. हे गाणं रेजिमेंटचा बँड परेडला वाजवतो. बाराखान्यात एकाने सुरुवात केली की सुभेदारसाहेबांपासून लंगरच्या कुकपर्यंत सगळे नाचायला उठायचे. मीही नाचलो आहे.

दुसरं गाणं मला मार्चमध्ये कळलं. आपला चैत्र पाडव्याला लागतो. त्यांचा सौर पंचांगाचा, मीन संक्रांतीला, म्हणजे 14 मार्चच्या आसपास. त्या दिवशी त्यांच्या गावात ‘फूलदेई’ असते. लहान मुलं पहाटे फुलं वेचून घरोघरी उंबऱ्यावर ठेवतात. आमच्या बंकरच्या उंबऱ्यावर कमरेइतका बर्फ होता. रस्ता बंद, टपाल तीन आठवडे आलेलं नव्हतं. बुखारीभोवती सगळे बसले होते आणि एकाने टेपरेकॉर्डरवर गोपाल बाबू गोस्वामींची कॅसेट लावली.

गाणं संथ होतं. मला शब्द कळत नव्हते, फक्त एक शब्द ओळखीचा वाटला : ‘लदाखा’. ते ऐकून माझे कान टवकारले. इतक्यात कोपऱ्यात बसलेला एक पोरगा उठला, पार्का चढवला आणि बाहेर गेला. त्याची ड्यूटी नव्हती.

मी सुभेदारसाहेबांकडे पाहिलं. ते अल्मोड्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. म्हणाले, “डाक्टर साब, ये चैत का गाना है. जाने दो उसको.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. घुघुती म्हणजे आपला होला. उन्हं तापायला लागली की आंब्यावर बसून घुमतो. गाण्यातली बाई त्याला सांगते, बाबा रे, इथे घुमू नकोस, तुझ्या आवाजाने माझं मन उदास होतं. माझा नवरा परमुलखात आहे, बर्फाच्या लडाखमध्ये.

त्या घुघुतीची तिकडे एक कथाही आहे. चैतात भावाने लग्न झालेल्या बहिणीकडे खाऊ-कपडे घेऊन जायचं, त्याला ‘भिटौली’ म्हणतात. आपली भाऊबीज म्हणा, फक्त भावाने चालत जायची. एक भाऊ असाच लांबून गेला, तर बहीण झोपलेली. तिला उठवायला नको म्हणून आणलेलं उशाशी ठेवून तो तसाच परतला. जागी झाल्यावर ती त्याच्यामागे धावली. भाऊ उपाशी गेला आणि मी झोपून राहिले, असा आक्रोश करत तिने प्राण सोडला आणि तिची घुघुती झाली. बाहेर गेलेल्या पोराच्या बहिणीचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं होतं. तिची पहिली भिटौली, आणि भाऊ बर्फात अडकलेला.

थोड्या वेळाने तो आत आला, मिशांवर बर्फ. कोणी काही बोललं नाही. मी त्याची बोटं तपासली आणि चहा दिला.

त्या रात्री मी ट्रंकेतून बायकोची पत्रं काढली. तोवर मला वाटायचं, विरहाची गाणी आम्हा फौजींची. बर्फ आमचा, रात्रपाळी आमची. या गाण्यात लडाखचा फक्त उल्लेख होता, गाणं सगळं घरी राहिलेल्या बाईचं होतं. मी प्रत्येक पत्र पुन्हा वाचलं. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, विहिरीचं पाणी, पोराचा पाढा, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला किती बायका आल्या. शेवटी ‘इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी.’ तिचं स्वतःचं एक अक्षर नव्हतं. आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

रस्ता उघडल्यावर पहिल्या टपालासोबत त्या पोराची मनीऑर्डर गेली. मेच्या शेवटी मला रजा मिळाली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. परसात आंबा, त्यावर कोकिळा पहाटेपासून सुरू. एक दिवस मी बायकोला त्या गाण्याचा अर्थ सांगितला आणि विचारलं, “तुला कधी वाटतं का गं, हिला गप्प करावं?”

ती तांदूळ निवडत होती. हसली.

“कोकिळेचं काय घेऊन बसलात? बातम्यांच्या शेवटी लेहचं तापमान सांगायला लागले की मी टीव्ही बंद करायची. आत्याबाई रागवायच्या, अगं साताऱ्याचं राहिलं म्हणून.”

आणि पुन्हा सुपाकडे वळली.