भरतीनंतरचे धावणे

मुक्काम पिंगळी, जिल्हा परभणी
माघ वद्य पंचमी

चिरंजीव ताईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. खुशालीचा मजकूर तुझ्या आईला वाचून दाखवला. शेवटचे पान मात्र एकट्या माझ्यासाठी लिहिलेले दिसले, म्हणून ते घडी घालून माझ्या दप्तरात ठेवले आहे. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन झाली त्या दिवशी तुझी नेमणूक पेडर रोडच्या चढावर बंदोबस्तास होती, पहाटेपासून दोरीपाशी उभी राहून तू हजारो स्त्रीपुरुषांना धापा टाकीत तो चढ चढताना पाहिलेस, आणि एवढा लोंढा डोळ्यांदेखत धावत जात असता आपले पाय जागच्या जागी थंड राहिले, त्यांना हुरूप तर नाहीच, पण साधा हेवाही वाटला नाही, या गोष्टीने तू घाबरली आहेस. ‘मामा, माझ्यातले काही मेले का?’ असे तू विचारतेस. मी तहसिलीत अव्वल कारकून म्हणून आयुष्य काढलेला मनुष्य, आणि धावण्याशी माझा संबंध घड्याळ धरण्यापुरता. तरी विचारलेच आहेस, तर मला जे दिसते ते सावकाश लिहितो.

आरंभी एक रुक्ष गोष्ट. मनाची कैफियत ऐकण्यापूर्वी शरीराची जबानी घ्यावी, हा क्रम मी सोडणार नाही. रात्रपाळ्या, सणावारांचे बंदोबस्त आणि उभ्या उभ्या उरकलेली जेवणे यांच्या योगाने जो थकवा साचत जातो तो पुष्कळदा वैराग्याचे सोंग घेऊन समोर येतो. आणि आपल्याकडील बायकांच्या रक्तात लोह कमी असणे ही बाब इतकी सार्वत्रिक आहे की रक्त तपासून घेतल्यावाचून ‘माझी इच्छाच गेली’ असा निवाडा देण्याचा तुला अधिकार नाही. एक दिवस रुग्णालयात जाऊन ये. तेथे काही निघाले नाही असे धरून पुढचे लिहितो.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे 50 गुण, त्यांत 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15, ही वाटणी तुला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली असती. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरांनी ऑइलपेंटने ठरावीक अंतरावर आडव्या रेघा ओढल्या होत्या. पहिली रेघ पुलाच्या कठड्यापाशी, आणि त्या कठड्यावर मी कानटोपी घालून, घड्याळ घेऊन बसत असे. परत येऊन ती रेघ ओलांडलीस की कमरेवर हात ठेवून, श्वास पुरता खाली बसण्याच्या आधीच, तू एकच शब्द उच्चारीत असस : ‘किती?’ मी आकडा सांगावा, तो वहीत चढावा, आणि त्या आकड्यावर घरातल्या दिवसाचा रंग ठरावा, असा तो काळ होता. थंडीत परभणीचा पारा किती खाली उतरतो ते तुला सांगायला नको. दोन्ही बाजूंच्या काळ्या रानावर धुके बसलेले असे, कापसाची शेवटची बोंडे त्यात अर्धवट दिसत, पूर्णेकडून येणारी गाडी स्टेशनाजवळ शिटी देई. पण यांपैकी कशाचाही उल्लेख तुझ्या तोंडून मी कधी ऐकला नाही. हा दोष म्हणून लिहीत नाही. ज्या घरात सोयाबीनचा भाव पडला की फीचा हप्ता थकतो, त्या घरातल्या मुलीला धुके दिसू नये हे रास्तच आहे.

मला म्हणायचे आहे ते एवढेच की ते धावणे तुझे नव्हते. ते भरतीचे होते. भरतीने मागितले, तू दिलेस, तिने नेमणुकीचा हुकूम हातात ठेवला आणि व्यवहार पुरा झाला. निकालानंतर त्या रस्त्याची काय अवस्था होते हे तू पाहिलेले नाहीस, कारण तू तेव्हा प्रशिक्षणाला रुजू झाली होतीस. ज्यांची नावे यादीत नसतात ते काही दिवस तोंड लपवून पुन्हा रेघेवर येतात; ज्यांची असतात त्यांपैकी कोणी रजेवर आला तरी पहाटे अंथरुणातच असतो. हरलेले धावतात आणि जिंकलेले झोपतात, असे हे विलक्षण मैदान आहे, आणि त्याचा नियम तुला एकटीलाच लागू पडला नसता तर नवल होते.

या प्रकाराचा छडा परदेशातल्या मानसशास्त्रज्ञांनी फार पूर्वी लावलेला आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड येथील बालवाडीत केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच गोडी असलेली मुले त्यांनी निवडली, आणि त्यांपैकी काहींना आगाऊ सांगून ठेवले की चित्र काढाल तर सोनेरी ताऱ्याचे आणि फितीचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र काही न सांगता अखेरीस दिले. उरलेल्यांना दिलेच नाही. पुढे काही दिवसांनी तेच रंग मोकळ्या वेळात समोर ठेवले, तेव्हा ज्यांच्याशी आधी करार झाला होता ती मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अवचित हाती पडलेल्या बक्षिसाने काही बिघडले नव्हते. बिघाड होता तो आगाऊ ठरलेल्या सौद्यात. तुझ्या बाबतीत सौद्याच्या आधीची गोडी होती की नाही, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. मी मात्र पिंगळेश्वराच्या बारवेची दगडी पायरी, देवकोष्ठांतली कबुतरे उडवीत, पाण्यापर्यंत उतरून पुन्हा वर येणारी आणि हटकले की आणखी एकदा उतरणारी दहा वर्षांची मुलगी पाहिलेली आहे, आणि तिने मला कधीही ‘किती?’ म्हणून विचारलेले नाही.

नोकरी लागली की धावणे संपते, हाही काही अटळ नियम नव्हे. आपल्याच मराठवाड्यातला, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे याचे उदाहरण तुझ्याहून नेमके उलट आहे. तो आधी महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात नेमणुका भोगल्या, आणि मग 2015 च्या सुमारास सैन्यातल्याच क्रॉसकंट्री शर्यतींतून धावण्याकडे वळला. म्हणजे पोटाचा प्रश्न सुटल्यानंतर त्याचे धावणे सुरू झाले. त्यापुढे 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 11.20 सेकंदांत धावून, सुवर्णपदकवाल्या केनियन धावपटूच्या अवघे पाच शतांश सेकंद मागे, तो रौप्यपदक घेऊन आला. तू साबळे व्हावेस असे मला म्हणायचे नाही. मामा लोकांची ही खोड मला ठाऊक आहे.

पेडर रोडचा विषय तूच काढलास, म्हणून परभणीच्या ज्योती गवतेची आठवण करून देतो. तोच चढ तिने अनेकदा चढलेला आहे. 2017 साली ती भारतीय स्त्रियांत पहिली आली, वेळ 2 तास 50 मिनिटे 53 सेकंद. पुढल्या वर्षी ती 2 तास 50 मिनिटे 47 सेकंदांत धावली, म्हणजे सहा सेकंद आधी पोचली, आणि दुसरी आली, कारण त्या वर्षी सुधा सिंग धावत होती. 2019 साली तिने आणखी पाच मिनिटांची सुधारणा केली, तरी दुसरी. 2020 साली पुन्हा दुसरी, आणि तिन्ही वर्षे पुढे सुधा सिंगच. हा जमाखर्च मी अनेकदा मनाशी मांडून पाहिला आहे. नुसत्या पावतीसाठी धावणारे माणूस अशा हिशेबात पहिल्याच वर्षी वही मिटून घरी बसले असते. जी बाई सुधारलेली वेळ आणि घसरलेला क्रमांक एकाच सकाळी पदरात घेऊन पुढल्या जानेवारीत पुन्हा उभी राहते, तिला त्या बेचाळीस किलोमीटरांत क्रमांकाखेरीज आणखी काही मिळत असले पाहिजे.

ते काय, हे मी कठड्यावर बसणाऱ्याने सांगू नये. तुला करता येण्याजोगी एक तजवीज मात्र सुचवतो. आपल्या मुलखातून निजामाची गोदावरी व्हॅली रेल्वे जाण्यापूर्वी टपाल हरकाऱ्यांच्या पायांवर चाले. खांद्यावर थैली, हातात घुंगरू बांधलेला भाला, आणि नेमून दिलेला टप्पा. आज मन आहे की नाही हे हरकाऱ्याला कोणी विचारले नाही, हे खरे. पण सबंध वाटही त्याच्याकडून कोणी मागितली नाही. टप्पा संपला की थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई आणि हा सावलीला बसे. तू पुन्हा धावणार म्हणजे पूर्वीसारखे धावणार, अशी जी अट तू मनात घालून ठेवली आहेस ती सबंध वाट मागणारी आहे. घड्याळ खोलीवर ठेव, पोलीस लाइनीपासून दुधाच्या केंद्रापर्यंत जा, आणखी जाववेल असे वाटले तरी तेथूनच परत फिर. हुरूप आधी आणि पाऊल मागाहून, असा आपला समज असतो. मी कठड्यावरून जेवढी पोरे पाहिली त्यांतल्या बहुतेकांचा हुरूप तिसऱ्या-चौथ्या रेघेनंतर चेहऱ्यावर यायचा, अंथरुणातून तो घेऊन आलेला क्वचितच. आणि महिना-दोन महिने असे करूनही काहीच उगवले नाही, तर खुशाल सोडून दे. धावणे ही काही सरकारी बाकी नव्हे, की थकली म्हणून जप्ती यावी. तू कामाला चोख आहेस, तब्येत सांभाळून आहेस, एवढे माझ्या दफ्तरी पुरेसे आहे.

येथील वर्तमान ठीक आहे. हरभरा काढून झाला, ज्वारी कणसात आहे, पाखरे फार झाली आहेत. रजा मंजूर झाली तर देवगिरीने ये; परभणी स्टेशनावर मी गाडी घेऊन येईन. एक गोष्ट विचारायची राहिली. तुझे भरतीच्या वेळचे बूट माळ्यावर पडून आहेत, आणि खालच्या आळीतली एक मुलगी, पायाने बरोबर तुझ्याच मापाची, ते मागायला दोनदा येऊन गेली. सध्या ती आपल्या भावाचे, दोन बोटे मोठे बूट चिंध्या कोंबून घालते. तुझी आई देऊन टाका म्हणते, मी तुला विचारल्याशिवाय देत नाही म्हणालो. काय करायचे ते कळव. तिची चाचणी जवळ आली आहे, तेव्हा उत्तराला फार दिवस लावू नकोस.

तुझा
मामा