राखण

दुधात आलेलं भात चिरडलं की गोडसर, कच्चा वास सुटतो. त्यात चिखलाचा वास मिसळलेला असला की समजावं, रात्री डुकरं येऊन गेली. गेल्या आश्विनात पहाटेची मळ्यात उतरले, तेव्हा मेरेवर पाय ठेवण्याआधीच तो वास आला. वरचे दोन कुणगे उभे होते. तिसऱ्यातलं भात आडवं झालं होतं, रात्रभर कुणी त्यावर लोळावं तसं. लोंब्या चघळून चोथा टाकलेला. मेर थुतराने उलथलेली. ओल्या चिखलात खुरांचे ठसे होते. एक मोठा, खोल गेलेला, आणि त्याच्या मागेपुढे अंगठ्याएवढे पुष्कळ.

काका आधीच येऊन उभे होते. ते ठसे बघून एवढंच म्हणाले, "पोरांक घेवन इल्ली गो."

वर्षभराच्या तांदळाचा तिसरा हिस्सा पायाखाली पडलेला असताना त्यांनी पिल्लांना "पोरां" म्हटलं. ते वाक्य मी मुंबईला परत आले तरी डोक्यातून गेलं नाही. रानडुकरांवर वर्तमानपत्रांत जे काही येतं त्यात एकतर ती "धुमाकूळ घालतात" किंवा त्यांची "कत्तल होते". सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीत या दोन्ही शब्दांच्या मधली जागा आहे आणि तिला राखण म्हणतात.

लहानपणी मी आजोबांबरोबर राखणीला जायचे. भात निसवलं की मळ्यात चार बांबूंवर माळा उभा राहायचा, वर पेंढा, खाली धुमसणारा ओंडका. आजोबांजवळ एक फुटका डबा, माडाच्या झावळीच्या दोन-तीन चुडी आणि बंदूक. ठासणीची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. पण रात्रीचं खरं हत्यार होतं कुकारा. आजोबा हात तोंडाशी धरून लांबलचक कुकारा घालायचे. तो व्हाळापलीकडे पोचला की तिकडून उत्तर यायचं, मग वरच्या मळ्यातून, मग आणखी लांबून, ओळखू येईल न येईल असं. कुणी झोपलं असेल तर त्याच्या मळ्यापाशी साखळी तुटायची आणि दोन्हीकडचे मिळून त्याला हाका मारून उठवायचे. मी गोधडीत पडून ते कुकारे मोजायची. सातापर्यंत मोजल्याचं आठवतं. सात मळ्यांत सात माणसं जागी.

बंदूक क्वचितच वाजायची, आणि वाजली तरी बहुतेकदा पोकळ बार असायचा. पिल्लांबरोबरच्या मादीवर बार घालायचा नाही, हा आजोबांचा नेम. तो त्यांना कुणी लिहून दिलेला नव्हता. तरी त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. पारधीला गेलेली माणसं डुकरावर थांबायची नाहीत. हाकाऱ्यातून जे निघेल ते, भेकर, ससा, साळिंदर. संध्याकाळी वाटे पडायचे, बार घालणाऱ्याला जादा, हाकाऱ्यांना सारखे, कुत्रेवाल्याला वेगळा. आमच्या डोंगरात भेकराचं भुंकणं ऐकू येईनासं झालं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, पण तो वाडीत पोचायला पुष्कळ वर्षं लागली. तो आला हे चांगलंच झालं, असं मी मनापासून मानते. आता पहाटे भेकर भुंकतं.

तो कायदा मी पुढे नीट वाचला. त्यात शेतकऱ्याचा विसर पडलेला नाही. कलम 11 मध्ये माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालेला प्राणी मारायची परवानगी देण्याची तरतूद आहे, आणि मालमत्तेत "उभं पीक" येतं हे तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे. हे वाचताना मला गलबलून आलं. दिल्लीत बसून कायदा लिहिताना कुणाच्या तरी डोळ्यांपुढे असं शेत आलं असेल. परवानगी द्यायची ती मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, लेखी आदेशाने, कारणं नोंदवून. रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होतं. 2022 च्या दुरुस्तीने ते दुसरीत आलं. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता, त्याचे वाटे पडत नाहीत, ते पुरलं किंवा जाळलं जातं. मांस मिळतं म्हटल्यावर पिकाचं निमित्त करून बाजार उभा राहायला वेळ लागत नाही, म्हणून तेही मला पटतं.

पटत नाही तो वेळेचा हिशेब. दुधात आलेलं भात धड होईपर्यंत हातात असतात पंधरा-वीस दिवस. कळप एकदा चव घेऊन गेला की दुसऱ्या रात्री येतो, तिसऱ्या रात्री येतो. अर्ज, पाहणी, शेरा, आदेश या वाटेने कागद फिरून येईतो कुणग्यात पेंढासुद्धा उरत नाही. शिवाय परवानगी मिळाली तरी बंदूक घरात असेलच असं नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2019 मध्ये विधानसभेची आचारसंहिता 21 सप्टेंबरला लागली, 2024 मध्ये 15 ऑक्टोबरला. कोकणात भात निसवण्याचे आणि पिकण्याचे नेमके हेच दिवस. ठासणीची बंदूक ठाण्यातल्या कोपऱ्यात उभी आणि काका मळ्यात डबा घेऊन उभे.

कायद्याची वाट अशी लांबली की माणसं आडवाटेला लागतात, आणि ती आडवाट भयंकर आहे. आमच्याकडे फासकी लावतात. दुचाकीच्या ब्रेकची जुनी तार, एक गाठ, डुकराच्या वाटेवर एक खुंट. त्यात डुक्कर सापडतं तसा बिबट्याही सापडतो, कमरेत तार रुतून रात्रभर ओरडत राहतो. विदर्भात कुंपणात वीज सोडतात. 2017 च्या एप्रिलमध्ये नागभीडजवळ श्रीनिवास नावाचा वाघ, प्रसिद्ध जय वाघाचा बछडा, शेताच्या अशाच तारेला चिकटून मेला. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ होता तो. अशा तारांनी शेतकरीही मेले आहेत, कधी शेजारचा, कधी तार लावणारा स्वतःच. आजोबांच्या बंदुकीमागे एक डोळा होता. पुढे मादी आहे की एकांडा नर, मागे पिल्लं आहेत की नाहीत, हे बघून तो बोट आवरायचा. तारेला बघता येत नाही.

म्हणून मला वाटतं, परवानगी शेताच्या जवळ आली पाहिजे. केरळने मे 2022 मध्ये पंचायतींच्या प्रमुखांना हा अधिकार दिला, परवानाधारकाकडून डुक्कर मारून घेण्याचा. ते पाऊल मला मोलाचं वाटतं. उलट बिहारमध्ये आणि उत्तराखंडात काही भागांपुरतं, ठरावीक मुदतीसाठी रानडुकराला उपद्रवी जाहीर केलं गेलं, तशी मागणी आपल्याकडेही होते, आणि ती ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो. उपद्रवी ठरलं की त्या मुदतीत संरक्षणच उठतं. मग मादीही चालते, पिल्लूही चालतं, कुणीही उठून यावं. नुकसान करणारा एक कळप ओळखून त्यातलं एखादं जनावर टिपणं वेगळं, आणि सगळ्या जातीवरच शिक्का मारणं वेगळं.

पण एवढं लिहूनही मला ठाऊक आहे की मी अजून मूळ जागेपाशी आले नाही.

मूळ जागा गडग्यापलीकडे आहे. तिथे आमचेच चार कुणगे. आमच्या घरातला पहिला माणूस मुंबईच्या गिरणीत गेला, मग त्याचे भाऊ, मग मुलं, मग मी. आधी लांबचा कुणगा पडीक पडला, मग मधला. आज तिथे रानमोडी आणि करवंदीच्या जाळ्या आहेत, उभा माणूस दिसत नाही एवढ्या. दोन वर्षांपूर्वी काका कोयती घेऊन त्यात शिरले तर त्यांना गवताची गंजी दिसली. बघितलं तर डुकरीण व्यायची जागा. वीण जवळ आली की मादी दाताने गवत तोडून असं घरटं रचते. साडेतीन-पावणेचार महिन्यांचा गाभ, एका वेळी चार ते आठ पिल्लं, पाठीवर पट्टे असलेली. काकांनी घरट्यात हात घातला, ते ऊबदार होतं. ज्या मातीत त्यांनी वडिलांबरोबर लावणी केली, तिथेच.

डुकरं डोंगरातून गावात आली, असं आपण म्हणतो. आमच्या वाडीपुरतं मी सांगू शकते, आम्ही मागे सरलो आणि ती तेवढीच पुढे आली. वाघ आणि कोळसुंदे इकडे फार थोडे उरलेत. ते नसतील तर हंगामाला चार-पाच डुकरं मारून कळप आवरेल असं मला वाटत नाही. आवरत होता तो सात कुकाऱ्यांनी आणि कसलेल्या जमिनीने.

नुकसानभरपाईचा अर्ज यंदा मी स्वतः करायला बसले. पंचनाम्याला माणसं आली, भली होती, कुणग्यात उतरून त्यांनी मोजमाप घेतलं. मग सातबारा मागितला. त्यावर अकरा नावं. सामायिक जमीन म्हटली की सगळ्यांची संमती लागते. दोघे वारलेत आणि वारस लागलेले नाहीत, एक आत्या बडोद्याला, तिघांचे फोननंबर कुणाकडेच नाहीत. अकरावं नाव माझं. बाबा गेल्यावर लागलेलं. तो कागद हातात धरून मी ओटीवर बसले, आणि शेताच्या मालकीचे म्हणून लिहिलेले आम्ही अकरा जण रात्री कुठे असतो ते एकेक आठवत राहिले.

त्या रात्री काकांबरोबर राखणीला गेले. माळा आता नाही; काका गडग्याला टेकून बसतात, बॅटरी आणि तेलाचा पत्र्याचा डबा घेऊन. बारानंतर कधीतरी भात सळसळलं. काकांनी बॅटरी लावली नाही, माझ्या मनगटावर हात ठेवला. चांदण्यात मेरेवर ती उभी होती, मानेवरची आयाळ ताठ, आमच्याकडे तोंड करून. मागे भात हलत होतं, ठिकठिकाणी. काकांनी डबा वाजवला. मी हात तोंडाशी धरले आणि इतक्या वर्षांनी कुकारा घातला. घसा फाटका होता, तरी व्हाळापलीकडे गेला असावा. आम्ही दोघं कान देऊन थांबलो.

ती वळली. पिल्लं एकेक करून बाहेर आली, गडगा कोसळला आहे तिथून तिच्यामागे पलीकडे उतरली. शेवटचं अडखळलं, पुन्हा चढलं, आणि आमच्या त्या अकरा नावांच्या रानात दिसेनासं झालं.

"फाटफटीक परत येतली," काका म्हणाले, आणि डबा मांडीवर घेऊन बसले.