खर्ड्याच्या तोफा आणि धोलेऱ्याची चिप

खर्डा म्हटलं की लोकांना १७९५ ची लढाई आठवते, आणि ती आठवली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकीकडे हिंदू, दुसरीकडे मुसलमान असं चित्र उभं राहतं. शाळेत हा धडा आला की वर्गातली चार पोरं आमच्या बाकाकडे वळून बघायची. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज मला त्या लढाईतल्या तोफांबद्दल बोलायचं आहे.

निजाम अलीकडे रेमंड या फ्रेंच माणसाने घडवलेली पलटणं होती. मराठ्यांकडून शिंद्यांची कवायती फौज आली होती. ती उभी केली द बॉयनने, आणि खर्ड्याला तिचा सेनापती होता पेराँ. म्हणजे जामखेड तालुक्यातल्या या माळावर दोन दख्खनी दरबारांनी विकत आणलेली युरोपची विद्या एकमेकींसमोर उभी राहिली होती. निजाम हरला, खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला आणि शेवटी आपला दिवाण मुशीर-उल-मुल्क पुणेकरांकडे ओलीस देऊन सुटला.

आजच्या भाषेत याला सरकारी औद्योगिक धोरण म्हणतात. शिंद्यांनी आग्र्याला तोफांचा कारखाना काढला. रेमंडने हैदराबादेत काढला, आणि त्या भागाला लोक अजून गनफाउंड्रीच म्हणतात. आपल्या नगरला तर हे फार जुनं. विजापूरच्या बुरुजावरची ती प्रचंड मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, निजामशाहीत, एका रूमी म्हणजे तुर्की उस्तादाच्या हातून. बाहेरून हुनर आणायचा, त्याला दरबारचा पैसा द्यायचा, ही गोष्ट आपण दिल्लीच्या मंत्रालयाकडून शिकलेलो नाही.

पण पुढे काय झालं? १७९८ मध्ये रेमंड मेला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी निजामाशी तह करून ती फ्रेंच फौज मोडून टाकली. शिंद्यांचं १८०३ मध्ये तेच झालं. इंग्रजांनी गोऱ्या अधिकाऱ्यांना फोडलं आणि ऐन युद्धात पेराँ त्यांच्या आसऱ्याला गेला. असईला शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची दाणादाण उडवली होती, म्हणजे माल काही कमअस्सल नव्हता. पण वरची जाणती माणसं भाड्याची होती. तोफ ओतणारे, डागणारे आपलेच, त्यात गोलंदाज म्हणून कितीतरी मुसलमान. पण त्यांना अधिकारी करायची तालीम ना पुण्याने दिली, ना हैदराबादने.

माझी बहीण खर्ड्यात दिली आहे. तिचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. २०२२ च्या सप्टेंबरात वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा त्याचा फोन आला. ‘मामू, अपना क्या गया इसमें?’ मी तेव्हा खूप बोललो. महाराष्ट्रावर अन्याय वगैरे. दहा महिन्यांत, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉनच बाहेर पडलं आणि पळवलेला प्रकल्प पळवणाऱ्यांनाही मिळाला नाही. तोवर आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचं भांडून झालं होतं.

भाच्याचा प्रश्न मात्र मनातून जाईना. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी जाहीर केले. सानंदच्या मायक्रॉनच्या कारखान्यात केंद्राचे ५० टक्के, गुजरातचे २० टक्के, म्हणजे शंभरातले सत्तर रुपये जनतेचे. धोलेऱ्यात टाटांचा ९१,००० कोटींचा कारखाना, तंत्र तैवानच्या पॉवरचिपचं. मी याच्या विरोधात नाही. पैसा सरकारनेच घालावा लागतो, या धंद्यात दुसरा रस्ता कुणालाच सापडलेला नाही. टीएसएमसी १९८७ मध्ये उभी राहिली तेव्हा जवळपास निम्मं भांडवल तैवान सरकारचं होतं. पण त्याच्या अकरा वर्षं आधी, १९७६ मध्ये, तैवानने अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून तंत्र घेतलं आणि आपले तरुण इंजिनिअर तिथे शिकायला पाठवले. ते परत आले आणि तो धंदा त्यांनी उभा केला. आपली मोहालीची सरकारी चिप कंपनी १९८४ मध्येच माल काढू लागली होती, टीएसएमसीच्या तीन वर्षं आधी. १९८९ मध्ये तिला आग लागली आणि ती पुन्हा त्या जोमाने कधी उभी राहिलीच नाही.

आपल्याकडे जमलेलंही आहे. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर हवा तसा द्यायला नकार दिला तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या चमूने परम ८००० उभा केला. आतले ट्रान्सप्युटर विलायती, पण ते एकमेकांना जोडून एक यंत्र करण्याची अक्कल इथली. ही माणसं कुणी फोडून नेली तरी मागे शिकवलेली दुसरी उरत होती.

खर्ड्यात आजही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या भरतात. गावोगावच्या एसटी स्टँडच्या आसपास मोबाईल दुरुस्ती, मोटार रिवायंडिंग, रेडिएटरची दुकानं बघा. निम्म्या पाट्यांवर आपल्याच पोरांची नावं दिसतील. भिंग डोळ्याला लावून बोर्डावरचा कण उचलणारा पोरगा दहावी नापास असतो आणि हात मात्र थरथरत नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलं होतं की मुसलमान मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या लहानसहान धंद्यांवर जगतात. हे हात मोजणारा रकाना चिपच्या कुठल्या योजनेत मला सापडला नाही. प्रशिक्षणाच्या जाहिराती येतात त्या बीटेकवाल्यांसाठी.

भाचा आता चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. सर्किट बोर्डाच्या लाईनवर. यंत्र बिघडलं की कंपनी बाहेरून इंजिनिअर बोलावते आणि तो येईपर्यंत याला बाजूला बसवून ठेवतात. मागच्या ईदला आला तेव्हा सांगत होता, इंजिनिअर काम करताना तो चहा द्यायच्या निमित्ताने जवळ उभा राहतो आणि बघतो. दोन बिघाड त्याला आता येतात. पण यंत्राला हात लावायची परवानगी नाही.