शिकलो एक, करतो दुसरंच!



दहावीचा निकाल लागला की घराघरांत दोन प्रश्न सुरू होतात. "कोणती साईड घ्यायची?" आणि लगेच त्याच्या मागोमाग, "ती घेऊन नोकरी कसली लागणार?" माणूस जे शिकतो तेच काम पुढे करतो, असं आपण इथे धरूनच चालतो. खरंच तसं होतं का? जरा आपल्या आजूबाजूला बघा.

सुरुवात माझ्यापासूनच करते. मी बारावी सायन्स, मग डी.एड., आणि नोकरी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी.ए. आज शिकवते सातवीला गणित आणि पाचवीला इंग्रजी. माझे एक काका वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि निवृत्त झाले बँकेतून. शेजारचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, हिंजवडीला सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याची आई अजून म्हणते, "मशीनचं शिकला, पण मशीनला हात काही लावला नाही." एक मैत्रीण अर्थशास्त्रात एम.ए., चांगल्या मार्कांनी पास, पण लग्नानंतर तिला नोकरीच करू दिली नाही. तुम्हालाही अशी चार नावं आठवली असतीलच.

मग यांचं शिक्षण वाया गेलं म्हणायचं का? मला वाटतं, आधी कामांचे गट वेगळे करायला हवेत. सगळ्या कामांना एकच माप लावलं की गोंधळ होतो.

पहिल्या गटात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, वकील, सीए आणि आपण शिक्षक. इथे ठरलेलं शिक्षण आणि परीक्षा झाली नसेल तर दारच उघडत नाही. दुसरा गट 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' चालणाऱ्या कामांचा. यूपीएससीची नागरी सेवा, एमपीएससीच्या राज्यसेवेतली बरीचशी पदं, बँकेतली क्लार्क आणि पीओची भरती. इथे बी.ए. झालेली मुलगी आणि इंजिनिअर झालेला मुलगा शेजारशेजारच्या बाकांवर बसून एकच पेपर लिहितात. तिसऱ्या गटात दुकान, केटरिंग, फोटोग्राफी, वाहतूक असे व्यवसाय. तिथे गिऱ्हाईक पदवी विचारत नाही, काम बघतं.

पहिल्या गटात शिक्षण आणि काम जुळावंच लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नाही जुळलं, तर त्यात कमीपणा काही नाही. त्या कामांची रचनाच तशी आहे.

पण सगळंच इतकं सोपंही नाही. आपल्याच क्षेत्राचं घ्या. २००० नंतर राज्यात डी.एड.ची कॉलेजं भराभर निघाली. बारावीला चांगले मार्क मिळवलेली मुलंमुली "दोन वर्षांत मास्तर" म्हणून तिकडे वळली. २०१२ मध्ये भरतीला खीळ बसली, २०१३ मध्ये टीईटी आली, आणि ही मुलं वर्षानुवर्षं वाट बघत राहिली. त्यातली कुणी आज मेडिकलच्या दुकानात काउंटरवर आहेत, कुणी शेती करतात. त्यांनी अभ्यास केला होता, शिक्षण आणि कामही जुळणारंच होतं. जागाच निघाल्या नाहीत. अशा मुलांना "शिकून काय केलंस?" असं विचारणं बरं नाही.

मागच्या वर्षी पालकसभा संपल्यावर एक वडील मागे थांबले. त्यांचा थोरला मुलगा बी.ए. होऊन टेम्पो चालवतो. धाकटी मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी, तेव्हा दहावीत होती. म्हणाले, "बाई, तीन वर्षं कॉलेज करून शेवटी टेम्पोच चालवायचा, तर हिला तरी कशाला पुढे पाठवू?"

त्यांचं चुकत होतं असं मला पटकन म्हणता येईना. फी भरली होती, एसटीचा पास काढला होता, मुलाची तीन वर्षं गेली होती. हा खर्च खराच होता. शिक्षणाने माणूस सुसंस्कृत होतो वगैरे ऐकवण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, टेम्पोच्या कर्जाचे कागद कोण बघतं? विमा, परमिट, व्यापाऱ्यांचा हिशोब? म्हणाले, "तोच बघतो की. मला कुठलं जमतंय."

मग मुलीचं विचारलं. तिला नर्स व्हायचं होतं. मी म्हटलं, "दादा, थोरल्याचं काम पदवीशिवायही झालं असतं. हिचं होणार नाही. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच. आत्ता थांबवलंत तर ते दार बंद होईल." ते "बघतो" म्हणून गेले. मुलगी आता अकरावी सायन्सला आहे. पुढे काय होईल ते कोण सांगणार? पण भावाच्या अनुभवावरून बहिणीचा निर्णय झाला नाही, हे महत्त्वाचं.

कार्यक्रमात आपण मोठ्या माणसांची उदाहरणं देतो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, मग पूर्णवेळ नट झाले. अनिल अवचट एमबीबीएस झाले आणि लेखक म्हणून ओळखले गेले. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारही शिकवत आणि नाटकातही काम करत. उदाहरणं खरी आहेत, जरूर द्यावीत. पण या सगळ्यांनी आधी हातात घेतलेलं शिक्षण पूर्ण केलं होतं, हेही मुलांना त्याच वेळी सांगायला हवं.

मग आपण काय करायचं? साईड निवडताना मुलांसोबत बसून तीन प्रश्न विचारूया. मनातलं काम यातल्या कोणत्या गटातलं आहे? निवडलेली शाखा पुढची किती दारं उघडी ठेवते? सायन्सची मुलगी बारावीनंतर बी.ए. करू शकते, पण आर्ट्सच्या मुलीला इंजिनिअरिंगला जाता येत नाही. आणि तिसरा प्रश्न, विषय कोणताही असो, नीट लिहिणं, हिशोब, चार माणसांत बोलणं, कॉम्प्युटर हे त्या वर्षांत पक्कं होणार आहे का? माझ्या काकांना बँकेत झाडाझुडपांची नावं लागली नाहीत. पण प्रयोगवहीत लागलेली नेटक्या नोंदींची सवय शेवटपर्यंत कामी आली, असं ते स्वतःच सांगतात.

शाळेत एक गोष्ट सहज करता येईल. वर्षातून एकदा माजी विद्यार्थ्यांना बोलवा. फक्त नंबरात आलेल्यांना नको. टेम्पोवाला, नर्स, तलाठी, ब्युटी पार्लर चालवणारी, सगळ्यांना बोलवा. "काय शिकलास आणि दिवसभर काय करतोस?" हे मुलांनाच विचारू द्या. शिक्षण कुठे उपयोगी पडलं आणि कुठे नाही, ते ही माणसं आपल्यापेक्षा खरं सांगतील.

आणि पालकहो, आपल्या मुलाने शिकलेलं सोडून दुसरं काम धरलं, तर पाहुण्यांसमोर विषय बदलू नका. तो काय काम करतो ते सरळ सांगा. ते ऐकायला तोही तिथेच बसलेला असतो.